पायाळू बाळंतपण: हात कधी आवरायचा, कधी लावायचा?

कळवेळ (धागाकर्ती)

ब्रीचच्या (डोक्याऐवजी कुल्ले किंवा पाय खाली असलेल्या बाळाच्या) बाळंतपणात 'हात लावू नका' हे वाक्य इतक्यांदा कानावर पडतं की त्याचा मंत्र झालाय. मंत्राला कालमर्यादा नसते, इथे मात्र आहे. बेंबी बाहेर आली की डोकं कटीच्या (आईच्या ओटीपोटाच्या हाडांच्या कड्याच्या) वरच्या कडेशी येतं, नाळ डोकं आणि हाड यांच्यामध्ये दाबली जाते आणि घड्याळ सुरू होतं. घाई करून ओढलं तर बाळाचे हात डोक्यावर जातात आणि हनुवटी वर उचलली जाते. हाताची घडी घालून बसलं तर बाळ गुदमरतं.

प्रश्न सरळ आहे. पूर्ण दिवसांचं एकच बाळ, कुल्ले खाली, पाय सरळ वर, म्हणजे फ्रँक ब्रीच. गर्भपिशवीचं तोंड पूर्ण उघडलंय, आई जोर लावतेय. कुठल्या खुणेपर्यंत हात आवरायचा आणि कुठली खूण दिसली की एक क्षणही न थांबता लावायचा? 'अनुभवाने कळतं' हे उत्तर नको. सिझर करावं की नाही हा वादही इथे नको. धाग्यावरची बहुतेक मंडळी लेबर रूममधलीच आहेत. इतरांना वाचायला मुभा आहे, करून बघायला नाही.

रात्रपाळी

'सिझरचा वाद नको' असं लिहिलंत म्हणजे तो चौथ्या प्रतिसादापर्यंत येणार.

शब्दवेल्हाळ

अवांतर: आपण सरसकट पायाळू म्हणतो, पण पूर्ण दिवसांच्या अशा बाळांपैकी साधारण दोन तृतीयांश फ्रँक असतात. पाय नाकापाशी, बाहेर पहिले येतात ते कुल्ले. खरे पायाळू, म्हणजे पाऊल पुढे असलेले, त्या मानाने कमी, आणि नेमके तेच योनिमार्गे जन्मायला सगळ्यात वाईट. शब्द चुकीच्या बाळाला चिकटलाय.

टाकातिरका

चौथा प्रतिसाद माझाच दिसतोय, तर वाद घालतोच.

२००० सालची टर्म ब्रीच ट्रायल, म्हणजे पूर्ण दिवसांच्या ब्रीचमध्ये सिझर आणि योनिमार्ग यांची तुलना करणारी चाचणी, विसरून चालणार नाही. २६ देश, १२१ केंद्रं, २०८८ बायका. बाळाचा मृत्यू किंवा गंभीर त्रास ठरवून केलेल्या सिझरच्या गटात १.६ टक्के आणि ठरवून योनिमार्गे प्रसूतीच्या गटात ५ टक्के. त्यानंतर जगभर ब्रीच म्हणजे सिझर हे समीकरण झालं ते उगाच नाही. युक्त्यांची चर्चा करण्याआधी हे नमूद असावं.

नाळजोड

नमूद झालं. आता पुढचंही नमूद करा. त्याच ट्रायलचा दोन वर्षांनंतरचा पाठपुरावा २००४ मध्ये आला. मृत्यू किंवा मेंदूच्या वाढीतला अडथळा यांत दोन गटांत फरक सापडला नाही. २००६ मध्ये फ्रान्स आणि बेल्जियमचा प्रेमोडा अभ्यास आला. त्यात निवड काटेकोर होती आणि कळांवर लक्षही काटेकोर होतं. ठरवून योनिमार्गे गेलेल्या अडीच हजारांवर बायकांमध्ये गंभीर त्रास १.६ टक्क्यांच्या आसपास, सिझरच्या गटात १.४५. म्हणण्यासारखा फरक नाही.

ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेत आकडे असे दिलेत: ३९ आठवड्यांनंतर ठरवून सिझर केलं तर बालमृत्यू हजारी सुमारे ०.५, ठरवून योनिमार्गे ब्रीच हजारी २, आणि डोकं खाली असलेलं साधं बाळंतपण हजारी १. बाईसमोर हे तिन्ही आकडे ठेवायचे. फक्त पहिले दोन सांगणं म्हणजे अर्धं सांगणं.

आणि सिझरवाल्यांसाठी शेवटचं. ओटीपोट उघडून पिशवीवर छेद दिला तरी ब्रीच बाळाचे खांदे आणि डोकं काढायला लव्हसेट (हात सोडवायची) आणि मॉरिसो (डोकं काढायची) याच युक्त्या लागतात, फक्त छेदातून. छेद लहान पडला किंवा दिवस कमी असले तर डोकं तिथेही अडकतं. जुळ्यातलं दुसरं बाळ, आणि दारातून आत येतानाच कुल्ले बाहेर दिसणारी बाई, या दोघी तुमचं समीकरण वाचून येत नाहीत. हात शिकावाच लागतो.

टाकातिरका

सिझरच्या छेदाचा मुद्दा मान्य. माघार नाही, पण मान्य.

मापाड्या

हात लावायचा की नाही हे ठरण्याआधी हात घालायचा ती केस योग्य आहे का, हे आधी बघा. निम्मी सुरक्षितता तिथेच ठरते.

योनिमार्गे नको: सोनोग्राफीत मान मागे ताणलेली, पाऊल पुढे असलेलं ब्रीच, अंदाजे वजन ३.८ किलोच्या वर किंवा दहाव्या शतमकाखाली (तेवढ्याच दिवसांच्या शंभरातल्या सगळ्यात हलक्या दहांत), बाळाला आधीच त्रास असल्याच्या खुणा. ताणलेली मान हा सगळ्यात कडक नकार, कारण डोकं येताना मानेच्या मणक्यांवर आणि मज्जारज्जूवर ताण पडतो.

फ्रँक का चालतं आणि पाऊल पुढे असलेलं का नाही, याचं कारण मापात आहे. पाय पोटाला लागून वर असतात तेव्हा मांड्या आणि धड यांचा मिळून घेर डोक्याच्या घेराच्या जवळपास जातो. तो पार झाला तर मागून येणाऱ्या डोक्यासाठी वाट झालेली असते. पाऊल पुढे असलं तर पाय आणि बारीक कंबर सात-आठ सेंमी उघडलेल्या तोंडातूनही घसरून येतात आणि डोकं आतच राहतं. नाळ निसटण्याचा धोकाही तसाच चढता: फ्रँकमध्ये अर्धा टक्का, मांडी घातलेल्या ब्रीचमध्ये ४ ते ६, पाऊल पुढे असेल तर १५ च्या वर. म्हणून पाणमोट उगाच फोडायची नाही, आणि आपोआप फुटली तर लगेच आत बोट घालून नाळ नाही ना हे बघायचं.

रात्रपाळी

याला जोडून, बोटाला काय लागतंय हेही. कुल्ले आणि चेहरा यांत भल्याभल्यांची गफलत होते, विशेषतः सूज असेल तेव्हा. गुदद्वार आणि बसायची दोन हाडं एका सरळ रेषेत लागतात. तोंड आणि गालाची दोन हाडं यांचा त्रिकोण होतो. तोंडात बोट गेलं तर हिरड्या कडक लागतात. गुदद्वारातून बोट बाहेर काढल्यावर त्याला काळी शी लागलेली असते. हात की पाय कळत नसेल तर टाच शोधा. हाताला टाच नसते.

कळवेळ

छान चाललंय, पण अजून माझ्या प्रश्नाला कुणी 'हात लावलेला' नाही.

नाळजोड

लावतो. आई पाठीवर, पाय वर बांधलेले, ही स्थिती धरून लिहितोय. गुडघ्यांवरची स्थिती कुणीतरी लिहीलच.

आधी वाट बघण्याची सीमा. तोंड पूर्ण उघडल्यावर कुल्ले आपोआप खाली येऊ द्यायचे, जोर लावायला लावायचं नाही. दोन तासांत ते बाहेर दिसायला लागले नाहीत तर सिझर. आईने जोर लावायला सुरुवात केल्यावर तासाभरात जन्म समोर दिसत नसेल तरीही सिझर. कुल्ले खाली येत नाहीत म्हणून ऑक्सिटोसिन (कळा वाढवायचं औषध) वाढवत नेणं ही मोठी चूक. न उतरणारा कुल्ला बहुधा न मावणाऱ्या डोक्याची आगाऊ सूचना असतो.

मग टप्पे. पुढचा कुल्ला आणि गुदद्वार योनीच्या तोंडाशी येतं आणि दोन कळांच्या मध्येही मागे जात नाही. एपिसिओटॉमी (योनीच्या तोंडाशी छेद) लागणार असेल तर ती इथे, आधी नाही, आणि दर वेळी तर नाहीच. घट्ट काळी शी इथे पेस्टसारखी पिळून बाहेर येते. तो पोटावरचा दाब आहे, घाबरू नका. तीच शी पातळ होऊन आधी, तोंड उघडत असतानाच दिसली असती तर गोष्ट वेगळी.

कुल्ले, मग मांड्या, मग बेंबी. इथपर्यंत हात मांडीवर. तुमच्या मांडीवर. एकच अपवाद: पाठ खाली वळायला लागली तर दोन कळांच्या मध्ये कंबरेची हाडं धरून हलकेच वर वळवायची. बाळाची पाठ आकाशाकडे, हा एक नियम शेवटपर्यंत पाळायचा. ती जमिनीकडे गेली तर हनुवटी पुढच्या हाडाला अडकते.

पाय गुडघ्याच्या मागच्या खळगीपर्यंत दिसले आणि अडले तर पिनार्डची युक्ती. खळगीत बोट दाबून मांडी जराशी बाहेरच्या बाजूला न्यायची. गुडघा आपोआप दुमडतो, पाऊल खाली येतं. मांडीच्या मधोमध बोट अडकवून ओढलं तर मांडीचं हाड मोडतं.

पुढच्या कळेसरशी खांद्याचं पातं दिसेपर्यंत थांबा. पातं दिसलं आणि छातीवर हात दिसले तर कोपरात बोट घालून एकेक काढा. पातं दिसूनही हात दिसत नसतील तर ते वर गेलेत. तिथे हात लावायचा, लगेच.

सुईणवाट

नाळजोड यांनी धरायचं कुठे हे नीट लिहिलं नाही, आणि जखमा तिथेच होतात. कोरड्या, कोमट टॉवेलात बाळाची कंबर गुंडाळा. ओला टॉवेल दर वेळी घसरतो आणि घसरला की माणूस नकळत वर पोटाला पकडतो. दोन्ही अंगठे माकडहाडाच्या वर, सेक्रमवर शेजारीशेजारी. तर्जन्या कंबरेच्या हाडाच्या पुढच्या टोकांवर. बाकीची बोटं मांड्यांवर. पोटावर एकही बोट नको. पूर्ण दिवसांच्या बाळाचं यकृत बरगडीखाली उतरलेलं असतं, बोटाच्या दाबानेही फाटतं. प्लीहा आणि अधिवृक्क (मूत्रपिंडांवरच्या) ग्रंथींचंही तेच.

भूलथाप

हाताची घडी कुठे घालायची हेही आता लिहून ठेवा.

नाळजोड

सुईणवाट यांना दंडवत. पुढे लव्हसेट.

जोर्गन लव्हसेट या नॉर्वेच्या डॉक्टरने १९३७ मध्ये ही युक्ती मांडली. आधी कारण समजून घ्या, मग हात चुकणार नाही. आईच्या कटीची पुढची भिंत साधारण ५ सेंमी, मागची तिच्या दुप्पट, आणि वरची कडा तिरकी. त्यामुळे पुढचा खांदा हाडाच्या वर अडकलेला असतो तेव्हा मागचा खांदा कडा ओलांडून आत उतरलेलाच असतो. मागचा खांदा पुढे आणला की तो आपोआप हाडाच्या कमानीखाली, हाताच्या टप्प्यात येतो.

म्हणून: वर सांगितल्यासारखी पकड, खाली हलका ताण, आणि बाळ अर्ध वर्तुळ फिरवायचं. फिरताना पाठ वरून जाईल अशी दिशा घ्या, खालून नको. मागचा हात आता पुढे आला. दंडाच्या हाडाला समांतर दोन बोटं ठेवून कोपरापर्यंत जा, कोपर दुमडा, हात चेहऱ्यावरून छातीवर आणून खाली काढा, मांजर तोंड पुसतं तसा. दंडावर आडवं बोट अडकवलं की कट्ट असा आवाज येतो. मग उलट दिशेने अर्ध वर्तुळ, पुन्हा पाठ वरूनच, आणि दुसरा हात.

हात मानेमागे गेला असेल तर त्या हाताचा पंजा जिकडे रोखलाय तिकडे बाळ फिरवा. घर्षणाने कोपर चेहऱ्याकडे ढकलला जातो.

टाकातिरका

एक शंका. फिरवताना ओढायचं की नाही? एका ठिकाणी 'ओढू नका' आणि दुसरीकडे 'हलका ताण' म्हणता.

सुईणवाट

ओढू नका हे बेंबीच्या आधीसाठी. तेव्हा धड खाली येतं आणि हात व डोकं जागेवर राहतात, म्हणून हात वर जातात. लव्हसेटच्या वेळी ते वर गेलेलेच असतात. ताण एवढ्यासाठी की खांदे आत उतरलेले राहावेत. ताण न देता फिरवलं तर बाळ जागच्या जागी फिरतं, खांदा कमानीखाली येत नाही.

प्रश्नार्थक

बेंबी आली की नाळेचा वेटोळा थोडा ओढून सैल करावा असं जुन्या पुस्तकांत आहे. करावा का?

रात्रपाळी

नाही. नाळ हाताळली की तिच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावू शकतात. फार ताणलेली दिसली तर एक बोटभर सोडवा, एवढंच. दर मिनिटाला ठोके मोजायला ती चिमटीत धरत बसू नका. बाळाचा रंग, ताठरपणा आणि हालचाल पुरेसं सांगतात. पाय आखडतंय, पोट आवळतंय, तर ते स्वतःच हनुवटी छातीला लावतंय. पांढरं पडलेलं, कापडी बाहुलीसारखं लोंबणारं बाळ तीन मिनिटं मागत नाही.

मापाड्या

तीन मिनिटांचा उल्लेख आलाच आहे तर आकडे लिहून टाकतो. त्याच २०१७ च्या मार्गदर्शिकेत हस्तक्षेपाच्या सीमा या: कुल्ले बाहेर आल्यापासून डोकं येईपर्यंत ५ मिनिटं, बेंबीपासून डोक्यापर्यंत ३. त्याहून उशीर किंवा बाळ मलूल, यांपैकी जे आधी येईल ते. तीन मिनिटं संपल्यावर युक्ती सुरू करायची असा याचा अर्थ नाही. युक्तीलाच मिनिटभर जातं.

कळवेळ

हे हवं होतं! आता डोकं.

नाळजोड

डोक्याला दोन पंथ आहेत आणि दोघांची भांडणं जुनी आहेत.

बर्न्स-मार्शल: हात निघाल्यावर बाळ स्वतःच्या वजनाने लोंबू द्यायचं, मानेवरची केसांची रेषा दिसली की घोटे धरून हलका ताण देत धड कमानीने आईच्या पोटाकडे न्यायचं. केसांची रेषा दिसण्याआधी उचललंत तर मान मागे मोडते.

मॉरिसो-स्मेली-व्हाइट: बाळ तुमच्या एका बाहूवर पालथं, घोड्यावर बसल्यासारखं. त्याच हाताची दोन बोटं बाळाच्या गालाच्या हाडांवर. जुन्या पद्धतीत एक बोट तोंडात असे. ते नको, जबडा निखळतो. दुसऱ्या हाताची तर्जनी आणि अनामिका दोन खांद्यांवर, आणि मधलं बोट डोक्याच्या मागच्या भागावर, तो पुढे ढकलायला. दोन्ही हातांचं काम एकच: हनुवटी छातीला लावणं. नीट वाकलेलं डोकं ९.५ सेंमीने जातं, न वाकलेलं ११ च्या वर. त्या दोन सेंमीसाठी एवढा खटाटोप. मदतनीस वरून, जघनाच्या (ओटीपोटाच्या पुढच्या) हाडाच्या वर, तळहाताने डोकं खाली दाबत राहतो. पिशवीच्या माथ्यावर दाबायचं नाही.

सुईणवाट

बर्न्स-मार्शलला माझा विरोध. 'लोंबू द्या' ही सूचना घाबरलेल्या हातात 'उचला' होते. मॉरिसोत निदान बोट हाडावर असतं, आपण काय वाकवतोय ते कळतं. शिकवायचं तर एकच शिकवा आणि ते बाहुलीवर शंभरदा करून घ्या.

शब्दवेल्हाळ

अवांतर दुसरं: सतराव्या शतकातला फ्रेंच, अठराव्यातला स्कॉट आणि एकोणिसाव्यातला जर्मन, तिघांनी मिळून दोनशे वर्षांत एक बाळ बाहेर काढलं. तीन मिनिटांचा नियम तेव्हा नसावा.

रात्रपाळी

:-)) धागाकर्तीने घड्याळ लावायला उशीर केला.

फिरकी

फोर्सेप (डोकं धरून काढायचा चिमटा) कुणी लिहिलाच नाही. मॉरिसो एकदा नीट करून डोकं आलं नाही तर तिसऱ्यांदा जोर लावण्यापेक्षा पायपर फोर्सेप. इतर फोर्सेपपेक्षा दांडा लांब आणि खाली वाकलेला, म्हणून मुठी बाळाच्या धडाखालून येतात. मदतनीस बाळाचं धड आणि हात टॉवेलच्या झोळीत घेऊन आडवं, फार तर किंचित वर धरतो. जमिनीशी समांतर, याहून वर नाही. तुम्ही गुडघ्यावर बसा, पातं खालून लावा. आधी डावं, मग उजवं. डोकं कटीत उतरलेलं असेल तरच. वरच्या कडेशी अडकलेल्या डोक्याला फोर्सेप लावू नका. पायपर नसेल तर आखूड नसलेला कुठलाही फोर्सेप चालतो.

सुईणवाट

आता गुडघ्यांवरची स्थिती लिहिते, कारण वरचं सगळं आईला उताणं टाकून चाललंय. आई गुडघ्यांवर आणि हातांवर, किंवा गुडघ्यांवर उभी. आता बाळाचं पोट तुमच्याकडे हवं, पाठ आईच्या पोटाकडे. दिशा बदलली, नियम तोच: बाळाची पाठ आईच्या पुढच्या हाडाकडे.

या स्थितीत डोळ्यांना जास्त दिसतं. छातीवर मधोमध उभी घडी दिसली तर हात पुढे आहेत, आपोआप पडतील. धड एका बाजूला वळून थांबलं, तुमच्याकडे पूर्ण आलंच नाही, तर हात अडकलाय. मग नमस्कारासारखे तळवे बाळाच्या छातीवर आणि पाठीवर, खांद्यांपर्यंत, आणि अर्ध वर्तुळ फिरवून परत पाव वर्तुळ मागे. लव्हसेटचाच भाऊ.

डोक्यासाठी दोन्ही अंगठे किंवा बोटं बाळाच्या गळपट्टीच्या हाडांखाली, खांद्यांवर, आणि सरळ आईच्या जघनाच्या हाडाकडे दाब. खाली ओढायचं नाही, मागे ढकलायचं. मानेचा मागचा भाग हाडावर टेकतो आणि डोकं वाकून घसरतं. पण आधी आईचं मूलाधार (योनी आणि गुदद्वार यांच्यामधला भाग) बघा. ते फुगून ताणलेलं असेल तर डोकं खाली आहे, दाब लागू पडेल. सैल, रिकामं दिसत असेल तर डोकं अजून वरच्या कडेला आहे आणि दाबून काही होणार नाही. तिथे ते किंचित वर ढकलून, चेहरा आडवा वळवून, वाकवून आत आणावं लागतं, कारण वरच्या कडेची आडवी रुंदी सगळ्यात मोठी.

टाकातिरका

आणि ज्याला हे येत नाही त्याने?

सुईणवाट

त्याने आईला पाठीवर वळवून जे येतं ते करावं. दोन स्थितींच्या अर्ध्या-अर्ध्या युक्त्या एकत्र करणं हे दोन्हींपेक्षा वाईट. रॉयल कॉलेजनेही स्थिती आईच्या पसंतीवर आणि हाताला असलेल्या सवयीवर सोडली आहे.

भूलथाप

माझ्या, म्हणजे भूलतज्ज्ञाच्या, हद्दीत येणारं थोडं. पिशवीचं तोंड पूर्ण उघडलेलं नसताना धड आलं आणि डोक्याभोवती तोंड आवळलं, तर हाक आम्हाला येते. नायट्रोग्लिसरीन ५० ते १०० मायक्रोग्रॅम शिरेतून, मिनिटभरात पिशवी सैल पडते. पण पिशवीचं अंग स्नायूचं आणि तोंड मुख्यतः तंतूंचं असतं, त्यामुळे तोंडावर परिणाम मर्यादित. रक्तदाब पडणार हे धरूनच सिरिंज भरा, तो वर आणणारं फिनाइलएफ्रिन शेजारी ठेवा, आणि बाळ आल्यावर सैल पिशवीतून रक्तस्राव होणार हेही. एपिड्युरल (पाठीतून दिलेली भूल) असलं तर युक्त्यांना सोपं, पण आईचा जोर कमी पडू शकतो. कुणाला काय हवं ते आधी ठरवा, बेंबी दिसल्यावर नाही.

नाळजोड

तेही न जमलं तर ड्युरसेनचे छेद. तोंडाची कडा दोन रिंग फोर्सेपमध्ये धरून मधोमध कापायची, घड्याळातल्या २ वर आणि १० वर. क्वचित ६ वर. ३ आणि ९ ला कधीच नाही, गर्भाशयाच्या धमन्यांच्या फांद्या तिथून येतात. छेद वर खालच्या पिशवीपर्यंत चिरत जाऊ शकतो, म्हणून बाळानंतर वरचं टोक डोळ्यांनी बघून टाका घाला. कमी दिवसांच्या बाळात हा प्रसंग जास्त, कारण तिथे धडाच्या मानाने डोकं मोठं.

प्रश्नार्थक

जुळ्यातल्या दुसऱ्या बाळाला पाय धरून ओढतात ना? मग एकट्या ब्रीचला का नाही?

नाळजोड

कारण पहिल्या बाळाने तोंड आणि वाट दोन्ही नुकतीच उघडून दिलेली असतात. तिथे दोन्ही पाय, शक्यतो पाणमोट शाबूत असताना धरून, कळेसोबत ओढणं योग्य. एकट्या बाळाला असं ओढणं म्हणजे याच धाग्यावरच्या सगळ्या चुका एका दमात.

घरटं_क्रमांक_दोन

नवजात कक्षाकडून. ब्रीच बाळ पहिल्या मिनिटाला ढिलं असतं, हे गृहीत धरून श्वास द्यायचा पिशवी-मास्क जोडून, तपासून ठेवा. मग गळपट्टीचं हाड, दंड, खांद्याची हालचाल. मोरो प्रतिक्षेपात (दचकून हात पसरताना) एकच हात उडाला तर नसांचा ताण. कुल्ले आणि वृषण निळे-काळे पडलेले असतात, आईला आधीच सांगा. सहा आठवड्यांनी कंबरेच्या सांध्यांची सोनोग्राफी, तपासणीत सांधे ठीक वाटले तरी आणि सिझर झालं असलं तरी. सांध्याला बाळ कुठून बाहेर आलं याच्याशी देणंघेणं नाही, ते आत कसं बसलं होतं याच्याशी आहे.

कळवेळ

माझ्या प्रश्नाचं उत्तर मी धाग्यातून असं वेचलं. बेंबीपर्यंत फक्त पाठीची दिशा राखायला हात. पातं दिसलं आणि हात दिसले नाहीत, की लव्हसेट. हात निघाले आणि पुढच्या कळेला केसांची रेषा आली नाही, की मॉरिसो. बाळ मलूल असेल तर कळेची वाटही नाही. चूक असेल तर दुरुस्त करा.

मापाड्या

बरोबर आहे, पण एक राहिलं. वेळ कोण बघणार? ज्याचे हात बाळावर असतात त्याला तीन मिनिटं तीस सेकंदांसारखी किंवा अर्ध्या तासासारखी वाटतात. एका माणसाला दुसरं काहीच काम नको. त्याने 'कुल्ले', 'बेंबी' असं म्हणून वेळ लिहायची आणि दर तीस सेकंदांनी मोठ्याने सांगायची.

रात्रपाळी

आणि त्या माणसाने टॉवेल आणायला जायचं नाही. टॉवेल आधीच दोन.